संध्याकाळचं गेट वाढवून कसं मागावं

नवशिक्यांनी आधी एक गोष्ट पक्की धरावी: आपण उशिरा पोचणारच. थंडीतल्या रविवारी अकोल्याहून नरनाळ्याला सकाळी सातला निघायचं ठरतं, नऊला पहिला फोन उचलला जातो, गांधीग्रामला गूळपट्टीसाठी गाडी थांबते आणि अकोटच्या पुढं कोणाच्या तरी वावरात आगटी पेटलेली असते. भाजलेलं कणीस तळव्यांत चोळून, फुंकर मारून, हिरवे दाणे तिखट-मिठासोबत तोंडात गेले की घड्याळाचा संबंध संपतो. शहानूरच्या गेटवर पोचता पोचता ऊन कललेलं असतं. मार्गदर्शन इथून सुरू.

पहिला उपाय हुज्जत. काच खाली करून म्हणावं, “एक तासानं काय बिघडते भाऊ?” वनरक्षक शांतपणे सांगेल, “तुमचं काई नाई बिघडत राजेहो, अस्वलाचं बिघडते.” यावर उत्तर नसतं, म्हणून दुसऱ्या उपायाकडे वळावं. तो म्हणजे ओळख. मेहुणे मंत्रालयात आहेत, हे जरूर सांगावं. गेटवर रोज इतके मेहुणे येतात की तुमच्यानं फार फरक पडणार नाही.

मग अर्ज. तो अकोट वन्यजीव विभागाच्या उपवनसंरक्षकांना लिहावा, प्रत अमरावतीला मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्र संचालकांना. कारणाच्या जागी ‘हिवाळ्यात वेळ फार कमी मिळतो’ असं लिहिण्याआधी पंचांग उघडावं. आपल्याकडे जूनअखेर सूर्य सातच्या सुमारास मावळतो, नोव्हेंबरअखेर साडेपाच वाजून गेले की संपलं. सव्वा-दीड तास सूर्यानंच कापलाय, वनखात्यानं नाही, आणि सूर्याच्या कार्यालयात आवक-जावक नसते.

अर्ज करताना हेही ध्यानात असू द्यावं की या दाराला दोन कुलपं आहेत. एक जंगलाचं: १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात शिरायला परवानगी लागते. परवानगीच्या कारणांत पर्यटन आहे. हुरड्यामुळे झालेला उशीर नाही. दुसरं कुलूप पुरातत्त्व खात्याचं. नरनाळा आणि गाविलगड ही केंद्र सरकारची संरक्षित स्मारकं आहेत आणि अशा स्मारकांचा सर्वसाधारण नियम सूर्योदय ते सूर्यास्त असाच आहे. एक कुलूप उघडलं तरी दुसऱ्याची किल्ली दिल्लीत.

अर्जाला ऐतिहासिक दाखला जोडायची हौस असेल तर तेवढा गाविलगड टाळा. १५ डिसेंबर १८०३ला, ऐन थंडीत, आर्थर वेलस्लीच्या फौजेनं तो किल्ला घेतला. त्याच्या हाताखालच्या कर्नल स्टीव्हन्सनच्या माणसांनी उत्तरेकडून डोंगरातून तोफा ओढत आणल्या, तटाला खिंडार पाडलं, हल्ला दिवसाउजेडी झाला आणि किल्ला त्याच दिवशी पडला. ज्यांनी गेटच फोडलं त्यांनीही वेळ वाढवून मागितली नाही. निसर्गप्रेमाचा दाखलाही उलटतो. मेळघाटची शान असलेला रानपिंगळा, शंभराहून जास्त वर्षं नामशेष समजला गेलेला आणि १९९७मध्ये शहाद्याकडं पुन्हा सापडलेला, हा दिवसा हिंडणारा आहे. इथलं घुबडसुद्धा उजेडात कामं उरकतं!

अमरावतीकरांना यातलं काहीच करायची गरज नाही. पोहरा-मालखेडचं जंगल शहराला खेटून आहे, त्यामुळे संध्याकाळनंतर आपण बिबट्याकडे जायच्या ऐवजी तोच विद्यापीठाच्या बाजूला येऊन जातो. त्याला गेटची वेळ लागू नाही.

माझं मत विचाराल तर संध्याकाळचं गेट आहे तसंच राहू द्यावं. दिवसभर आपल्या गाड्या, स्पीकर आणि चिवड्याची पाकिटं सोसल्यावर अस्वलाला बोरं खायला तेवढीच वेळ उरते. मागायचंच असेल तर सकाळचं मागा, पण त्यासाठी पहाटे पाचला अंथरूण सोडावं लागतं, म्हणून त्याचा अर्ज आजवर कोणी केल्याचं ऐकिवात नाही.

तरीही जंगलात रात्र काढायचीच असेल, तर एक सरळ मार्ग आहे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखातं स्वतः लोकांना पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसवतं, प्राणी मोजायला. नोंदणी आधी करावी लागते आणि सकाळ होईपर्यंत खाली उतरता येत नाही. तेव्हा वैशाख असतो. स्वेटर घरीच ठेवा.