गाणं नंतर बसवा, आधी टी-शर्ट छापा

बँड काढायचं नक्की झालं असेल, तर अभिनंदन. चौघं जमले, एकाच्या घरी गच्ची आहे, एकाकडे गाडी आहे आणि ड्रमरच्या शेजाऱ्यांनी अजून सोसायटीकडे लेखी तक्रार दिलेली नाही, एवढी पूर्वतयारी पुरते. आता नवशिके करतात तो उतावीळपणा करू नका. लगेच गाणी बसवायला घेऊ नका. गाणं मोबाइलवर फुकट मिळतं, आणि स्ट्रीमिंगवाले त्याबद्दल तुमच्या हातावर जे टेकवतात त्यात चौघांचा कटिंग चहाही निघत नाही. टी-शर्ट मात्र डाउनलोड होत नाही. म्हणून जगभरच्या बँडांनी अनुभवाने ओळखलेलं सूत्र आपणही धरून चालू: चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला.

शंका असेल तर न्यूयॉर्कच्या रमोन्स बँडकडे बघा. रेकॉर्ड बेताच्या खपल्या, पण त्यांच्या छातीवरचा गोल शिक्का आज जगातल्या कुठल्याही बाजारात दिसतो. आर्तुरो वेगा या त्यांच्या चित्रकार मित्राने तो थेट अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या मुद्रेवरून उचलला. गरुडाच्या पंजातले बाण काढून तिथे बेसबॉलची बॅट दिली. मुंबईत फॅशन स्ट्रीटवर हा गरुड घासाघीस करून मिळतो. त्यातला एक छदामही बँडला जात नाही, हे खरं. पण प्रसिद्धी तर होते ना, असं म्हणून स्वतःची समजूत घालायला आत्तापासूनच शिका. पुढे ती सवय फार उपयोगी पडते.

माल ठरवण्याआधी करार. इथे घाई केली की काय होतं, हे बीटल्सनी साऱ्या जगासाठी एकदाच करून दाखवलं आहे. 1963 संपत आलं तेव्हा त्यांचा मॅनेजर ब्रायन एपस्टाइन याच्या टेबलावर वस्तू बनवायची परवानगी मागणाऱ्यांच्या अर्जांचा ढीग साचला होता. त्याने ही कटकट वकिलाच्या गळ्यात घातली आणि वकिलाने ती निकी बर्न नावाच्या एका गृहस्थाच्या गळ्यात. बर्नने कंपनी काढली आणि तिचं नाव ठेवलं ‘सेलटेब’. उलटं वाचलं की बीटल्स. करारात बँडला किती टक्के द्यायचे, असा प्रश्न निघाला. बर्नने आपल्यासाठी 90 टक्के मागितले. समोरचा हसेल, मग घासाघीस सुरू होईल, असा त्याचा हिशेब होता असं सांगतात. समोरचा हसला नाही. त्याने सही केली.

मग अमेरिकेत बीटल्सचे टोप आले, बाहुल्या आल्या, जेवणाचे डबे आले, आणि प्रत्येक डॉलरच्या परवाना-शुल्कातले दहा सेंट लिव्हरपूलच्या चार पोरांकडे येऊ लागले. हॉटेलात ते ज्या चादरींवर झोपले त्या विकत घेऊन, त्यांचे चिमुकले चौकोन कापून, दाखल्यासह विकणारेही निघाले. एपस्टाइनने पुढे टक्केवारी वाढवून घेतली, पण प्रकरण कोर्टात गेलं आणि मोठमोठ्या दुकानांनी घाबरून ऑर्डरी रद्द केल्या. तेव्हा मार्गदर्शन असं: ज्याला बँडच्या धंद्यातलं काही कळत नाही आणि तुमच्याशी अगदी गोड बोलतो, अशा कोणालाही कागद देऊ नका. मग तो सख्खा मामा का असेना. मामा असेल तर विशेष करून.

हॉलमध्ये टेबल मांडून बसलात की आणखी एक भागीदार प्रकट होईल. तो म्हणजे हॉलचा मालक. अमेरिका-युरोपात बरीच सभागृहं टी-शर्टच्या विक्रीतही आपला वाटा कापून घेतात. गिटार त्यांनी वाजवलेली नसते, कापडही त्यांचं नसतं, पण टेबलाखालची फरशी त्यांची असते. या तक्रारी इतक्या वाढल्या की 2023 साली कार्यक्रम भरवणाऱ्या लाइव्ह नेशन कंपनीने आपल्या छोट्या क्लबांत हा वाटा घेणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे हॉल मिळाला हेच उपकार असल्याने हा मुद्दा सध्या बाजूला ठेवू.

आता प्रत्यक्ष वस्तू. किचेन, मग आणि स्टिकर हे सगळेच करतात. त्यात कल्पकता नाही आणि गिऱ्हाइकाला त्रासही नाही. चाहत्याला ज्या वस्तूचा त्रास होतो तीच तो जन्मभर जपतो, हे या शास्त्रातलं मूळ तत्त्व. या विषयातलं आपलं विद्यापीठ म्हणजे मँचेस्टरची फॅक्टरी रेकॉर्ड्स. 1980 साली तिने दुरुत्ती कॉलम या बँडची पहिली एलपी काढली आणि पहिल्या आवृत्तीचं कव्हर चक्क सँडपेपरचं केलं. सुताराकडे असतो तोच, खरखरीत. ती रेकॉर्ड कपाटात ठेवायची आणि बाहेर काढायची, एवढंच काम. शेजारच्या रेकॉर्डांची कव्हरं आपोआप घासून निघतात. म्हणजे एकच रेकॉर्ड विकून इतर सगळ्या बँडांचा माल खराब करायची सोय. कल्पना उसनी होती. गी दबोर आणि आस्गर योर्न यांनी 1959 साली आपल्या एका पुस्तकाला असंच सँडपेपरचं वेष्टन घालून ग्रंथालयांची झोप उडवली होती. फॅक्टरीच्या कव्हरांवर सँडपेपर चिकटवायला बसले होते त्याच कंपनीच्या जॉय डिव्हिजन बँडमधले कलाकार. आपला बेसिस्ट खळ लावायला कुरकुरत असेल, तर त्याला हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवा.

फॅक्टरीचा दुसरा धडा आकड्यांचा. रेकॉर्ड कंपन्या रेकॉर्डांना क्रमांक देतात. फॅक्टरीने दिसेल त्याला क्रमांक दिला. पहिला क्रमांक एका पोस्टरला, आणि ते पोस्टरसुद्धा वेळेवर तयार झालं नव्हतं. सँडपेपरवाली रेकॉर्ड 14. हासिएन्दा हा नाइटक्लब 51. कंपनीचा निर्माता मार्टिन हॅनेट याने कंपनीवरच दावा ठोकला, तर त्या दाव्याला 61. क्लबात राहणारं मांजर 191. आणि 2007 साली संस्थापक टोनी विल्सन गेले तेव्हा त्यांच्या शवपेटीला 501. जिच्याकडे मांजरासाठी क्रमांक होता, त्या कंपनीकडे धंद्याचा हिशेब मात्र कधीच धड नव्हता, आणि ती 1992 साली बुडाली. पण आपल्याला यातून जे घ्यायचं ते घेऊ. मराठी घरात स्टीलच्या वाटीवर नाव, तारीख आणि ‘यांजकडून सप्रेम’ कोरून घेण्याची परंपरा असताना क्रमांक घालायला आपल्याला कोणी शिकवायला नको. पहिली तालीम, पहिलं भांडण, पोलिसांची पहिली समज, सगळ्यावर क्रमांक टाका. विकायचं काय ते पुढे बघता येईल.

उपद्रवी वस्तूला एक मर्यादा असते. ती आपल्याच मालाला नडता कामा नये. रोलिंग स्टोन्सच्या 1971 च्या ‘स्टिकी फिंगर्स’च्या कव्हरवर जीन्सचा फोटो आणि त्यावर खरीखुरी उघडणारी चेन होती. कल्पना चित्रकार अँडी वॉरहॉलची. गठ्ठे रचून माल रवाना झाला आणि वरच्या कव्हरची चेन खालच्या रेकॉर्डमध्ये रुतायला लागली. ऐन गाण्यावर खड्डा. तोडगा असा निघाला की माल पाठवण्यापूर्वी प्रत्येक चेन अर्धी खाली ओढायची, म्हणजे खड्डा पडलाच तर मधल्या कागदी लेबलावर पडेल. रॉक संगीताच्या इतिहासात यांत्रिक अडचणीचं इतकं सोपं आणि इतकं चावट उत्तर दुसरं नसेल.

चाहत्यांना बँडचा काहीतरी अंश हवा असतो. इथे किस या बँडला मानावंच लागेल. 1977 साली मार्व्हलने त्यांचं कॉमिक काढलं, तेव्हा चौघांनी आपलं रक्त काढून दिलं आणि ते लाल शाईत ओतलं. रक्त खरंच त्यांचं आहे, याचा नोटरीचा दाखला सोबत होता. (ती शाई चुकून दुसऱ्याच एका क्रीडा मासिकाला वापरली गेली, अशी वदंता आहे. नोटरीचा शिक्का शाईच्या पिंपाबरोबर प्रवास करत नाही, एवढंच त्यातून दिसतं.) आपल्याकडे कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेले नोटरी भाड्याच्या करारापासून नावातल्या बदलापर्यंत सगळं करून देतात. रक्ताचंही करतील, फक्त स्टॅम्पपेपर किती रुपयांचा लागेल ते आधी विचारून घ्या.

रक्तावर भागत नसेल तर ओक्लाहोमाच्या फ्लेमिंग लिप्सकडे वळा. 2011 साली त्यांनी जेलीच्या चिकट गोळीची, सुमारे तीन किलो वजनाची कवटी काढली. किंमत 150 डॉलर. गाणी आत, मेंदूच्या जागी ठेवलेल्या यूएसबीवर. म्हणजे गाणं ऐकायचं तर आधी कवटी खायची. पुढच्याच वर्षी त्यांनी सोबतच्या कलाकारांचं रक्त भरलेल्या मोजक्या रेकॉर्डही काढल्या, म्हणजे किसचीच परंपरा, फक्त नोटरीशिवाय. आपल्या हवेत, त्यातून मे महिन्यात, तीन किलो जेली टेबलावर ठेवली तर पहिलं गाणं संपेपर्यंत मुंग्या आणि दुसरं संपेपर्यंत नुसता पाक. हा प्रयोग महाबळेश्वरच्या कार्यक्रमासाठी राखून ठेवा.

खाण्यापिण्याच्या वस्तूंवर फार वेळ घालवायला नको. आयर्न मेडनची बीअर निघते, मेटॅलिकाची व्हिस्की निघते, आणि त्या व्हिस्कीच्या पिंपांना म्हणे मेटॅलिकाचीच गाणी ऐकवतात, म्हणजे आवाजाच्या कंपनांनी लाकडाचा स्वाद दारूत उतरतो. आपल्याकडे उत्पादन शुल्क खात्याचे अर्ज भरता भरता बँड फुटेल. कोकम सरबत करा. पिंपाला गाणी ऐकवायला कोणाचीच परवानगी लागत नाही.

फुकट वाटणं ही वेगळी कला आहे आणि तिला जास्त धीर लागतो. नाइन इंच नेल्स या बँडने 2007 साली लिस्बनच्या कार्यक्रमात नवं गाणं भरलेली यूएसबी स्वच्छतागृहात सोडून दिली. ज्याला सापडली त्याने गाणं जगभर पसरवलं, आणि तोच बेत होता. गायक-गिटारवादक जॅक व्हाइटने 2012 च्या एक एप्रिलला नॅशव्हिलहून हजार निळे फुगे सोडले, प्रत्येकाला एक पातळ रेकॉर्ड बांधलेली. वारा नेईल तिकडे गाणं. पण त्याचा खरा पराक्रम त्याआधीचा. गाण्यात नाव होण्यापूर्वी तो डेट्रॉइटमध्ये ब्रायन मल्डून यांच्याकडे सोफे, खुर्च्या मढवायचं काम शिकत होता. पुढे दोघांनी मिळून ‘अपहोल्स्टरर्स’ नावाचा बँड काढला. 2004 साली मल्डून यांच्या धंद्याला 25 वर्षं झाली, तेव्हा दोघांनी एक रेकॉर्ड केली, शंभर प्रती काढल्या आणि मल्डून यांच्याकडे दुरुस्तीला आलेल्या फर्निचरमध्ये त्या शिवून टाकल्या. एक्स-रे काढला तरी दिसू नये म्हणून रेकॉर्डही पारदर्शक आणि कव्हरही पारदर्शक. दहा वर्षांनी, 2014 साली, दोन प्रती सापडल्याचं समजलं. उरलेल्यांवर लोक आजही निवांत बसलेले असणार. मला विचाराल तर बँडने काढलेल्या साऱ्या वस्तूंत ही सर्वोत्तम. जाहिरात नाही, गिऱ्हाईक नाही, आणि ज्याच्याकडे आहे त्याला पत्ताच नाही.

याच्या अगदी उलट टोकाला वू-टँग क्लॅन हा रॅप गट. त्यांनी एका अल्बमची एकच प्रत काढली, चांदीच्या पेटीत ठेवली आणि 2015 साली 20 लाख डॉलरला विकली. घेणारा निघाला मार्टिन श्क्रेली. साडेतेरा डॉलरची औषधाची गोळी एका झटक्यात 750 डॉलरवर नेऊन ठेवणारा तोच. त्याला पुढे रोखे-फसवणुकीत शिक्षा झाली, सरकारने इतर मालमत्तेबरोबर अल्बमही जप्त केला आणि तो 40 लाख डॉलरला पुन्हा विकला गेला. एकाच गिऱ्हाइकावर विसंबायचं असेल तर निदान त्याची चौकशी तरी करून ठेवा. लग्न जमवताना करतो तशी.

टिकाऊ मालात शेवटचा शब्द पुन्हा किसचाच. 2001 साली त्यांनी चौघांच्या रंगवलेल्या चेहऱ्यांची शवपेटी बाजारात आणली. ती पाणी गळू न देणारी होती, त्यामुळे वेळ येईपर्यंत तिच्यात बर्फ घालून बाटल्या थंड करता येतील, असंही सांगण्यात आलं. हा विनोद एवढ्यावरच थांबला असता, पण डिसेंबर 2004 मध्ये पँटेरा बँडचा माजी गिटारवादक डाइमबॅग डॅरेल स्टेजवर वाजवत असताना गोळ्या झाडून मारला गेला, आणि त्याला याच पेटीत पुरलं. लहानपणापासून तो किसचा निस्सीम चाहता होता. पेटी किसच्या जीन सिमन्सने दिली, पैसे न घेता. या मार्गदर्शिकेत एवढ्या एका ठिकाणी माझ्याकडे सूचना नाही.

हे सगळं वाचून कोणाला वैराग्य आलं असेल, तर तोही मार्ग वहिवाटीचा आहे. वॉशिंग्टनच्या फुगाझी बँडने टी-शर्ट विकायला साफ नकार दिला. तिकीट पाच डॉलर, वस्तू शून्य. परिणाम व्हायचा तोच झाला. बाहेरच्या कोणीतरी टी-शर्ट छापले आणि त्यावर इंग्रजीत मजकूर टाकला, ‘हा फुगाझीचा टी-शर्ट नाही’. ते जोरात खपले. तेव्हा काहीच विकायचं नाही असं ठरवलंत, तरी हरकत नाही. फक्त बँडचं नाव ठळक अक्षरांत एका कागदावर लिहून फॅशन स्ट्रीटवर देऊन या, म्हणजे निदान स्पेलिंग तरी चुकणार नाही.