आठाचे अकरा

सकाळी सहाला ओरछा गेटपाशी भाऊ दिसले की "निघू या?" एवढंच म्हणावं. "सायकल काय म्हणते?" असं चुकूनही विचारू नये. सायकल काहीच म्हणत नाही. भाऊ म्हणतात, आणि ऊन वर येईपर्यंत म्हणत राहतात.

सायकल उत्तम आहे. ॲल्युमिनियमची फ्रेम, खाली वळलेलं हँडल, पुढे दोन चकत्या, मागे आठ. गिअरचा संच शिमानोचा, क्लॅरिस. शिमानोच्या रोड सायकलींच्या उतरंडीत ही खालची पायरी. तिच्यावर नऊ गिअरांची सोरा, तिच्यावर दहांची टिआग्रा आणि तिच्यावर अकरांची १०५. ही १०५ सुद्धा २०२२ पासून बारांची निघू लागली. ते कळलं तेव्हा भाऊंनी दोन दिवस मौन पाळलं आणि मग ती बातमी 'परिशिष्ट' म्हणून जोडून घेतली. मूळ प्रश्न आठाचे अकरा करावेत की नाही, हाच राहिला. ज्या वर्षी निवृत्त झाले त्या वर्षी त्यांनी तो हाती घेतला. तो अजून विचाराधीन आहे.

भाऊंची सगळी नोकरी झाशीत रेल्वेच्या लेखा विभागात गेली. समोर आलेला कागद त्रुटी न काढता पुढे सोडायचा नाही, हे हाताला पडलेलं वळण. सायकलीची त्यांनी रीतसर फाईल केली आहे. तिच्यात तीन दुकानांची कोटेशनं आहेत, दिल्लीचं, पुण्याचं आणि एक ऑनलाईन. त्यांचा तुलनात्मक तक्ता आहे, लाल शाईने आखलेला. शेवटच्या रकान्यात शेरा: 'चर्चा करावी.' ती करायला आम्ही आहोत. रोज सकाळी सायकली घेऊन गेटपाशी जमणारे आम्ही चारपाच मराठी, दोन बुंदेली आणि एक बँकेतला मद्रासी, असे सगळे त्या फाईलचे पदसिद्ध सदस्य आहोत.

घर परकोट्याच्या आत. "आमचे पूर्वज १७४२ साली सुभेदार नारोशंकराबरोबर इथं आले," हे वाक्य भाऊ नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत ऐकवतात. झाशीतलं प्रत्येक मराठी घर हेच सांगतं. तेवढ्या सगळ्यांना आणायचं तर नारोशंकराला रेल्वेच लागली असती. ओरछा गेटच्या इतिहासावरही भाऊंचं स्वतंत्र मत आहे. एप्रिल १८५८ मध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोझच्या फौजा शहरात शिरल्या तेव्हा दुल्हाजू नावाच्या माणसाने हा दरवाजा आतून उघडून दिला, असं इथल्या पोराला दूध प्यायच्या वयापासून ऐकवतात. खरंखोटं इतिहासकार पाहून घेतील. बाकीचे लोक ही गोष्ट ऐकून फितुरीला शिव्या देतात. भाऊ मान हलवून म्हणतात, "एकट्यानं, परस्पर निर्णय! ना टिप्पणी, ना वरची सही. दुसरं काय होणार?"

वरवर पाहता प्रश्न सोपा आहे. मागची आठ चक्रांची कॅसेट काढायची आणि अकरांची घालायची. पण जवळपास तेवढ्याच जागेत अकरा चक्रं कोंबली की ती एकमेकांना खेटतात, म्हणून चेन अरुंद हवी. हँडलवरचा लिव्हर एका टिचकीला केबल किती ओढतो ते आठांच्या हिशेबाने ठरलेलं, म्हणून लिव्हर नवे. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारे जुने डिरेलर नव्या लिव्हरशी जुळत नाहीत, म्हणून तेही नवे. अरुंद चेनीला पुढच्या चकत्या तिच्या मापाच्या हव्यात, म्हणून क्रँक आला. क्रँक आला की त्याच्या पोटातलं बेअरिंग आलं. एवढं सगळं मांडून झाल्यावर कळतं, की रोड सायकलीची अकरांची कॅसेट भाऊंच्या हबवर बसतच नाही. तिला १.८५ मिलिमीटर जास्त लांबी लागते. म्हणजे नवं चाक.

"दोन मिलिमीटरसुद्धा नाही हो!" भाऊ अंगठा आणि तर्जनी आमच्या डोळ्यांपुढे धरतात. "आणि त्याच्यासाठी अख्खं चाक!"

बेरीज मारली की आकडा सायकलीच्या मूळ किमतीच्या आसपास जातो. मग जुनं म्हणावं असं फ्रेम, सीट आणि भाऊ एवढंच उरतं.

एवढ्या गिअरांची गरज कुठे आहे, हे आम्ही विचारून पाहिलं. आमची नेहमीची फेरी ओरछ्याची, जाताना सोळासतरा किलोमीटर. तिगैल्यावर वळलं की पुढे राज्य बदलतं, उत्तर प्रदेशाचा मध्य प्रदेश होतो, पण घाट काही लागत नाही. बेतवेपर्यंत जायचं, छत्र्या लांबून पाहायच्या, रामराजाला हात जोडायचे आणि पोहे-जिलेबी खाऊन परत. ज्या वीरसिंह देवाने १६१३ साली झाशीचा किल्ला बांधला तो राजा ओरछ्याचा. तो सगळा कारभार घोड्यावर बसून करत असे आणि घोड्याला चार चाली पुरत. भाऊंचंही तसंच आहे. पुढची मोठी चकती आणि मागचं चौथं किंवा पाचवं चक्र, एवढ्यावर त्यांचं ओरछा होतं. बाकीचे गिअर अखर्चित राहतात. त्यांच्याच नोकरीच्या भाषेत सांगायचं तर चालू वर्षाची तरतूद पडून असताना त्यांना पुरवणी मागणी सादर करायची आहे.

"गरजेचा प्रश्न नाही, तत्त्वाचा आहे," भाऊ म्हणतात. तत्त्वासाठी त्यांनी वाचन केलं आहे. टूर द फ्रान्स १९०३ साली सुरू झाली, पण डिरेलर वापरायची परवानगी तिथे १९३७ साली मिळाली. तोपर्यंत डोंगराच्या पायथ्याशी उतरायचं, मागचं चाक काढायचं, उलटं बसवायचं आणि दुसऱ्या बाजूच्या मोठ्या चक्रावर डोंगर चढायचा. स्पर्धेचा संस्थापक आंरी देग्रांज गिअरच्या विरुद्ध होता. ही माहिती भाऊ दोन्ही बाजूंनी वापरतात. सोमवारी म्हणतात, "बघा, एका चक्रावर आल्प्स चढले लोक. आपल्याला आठ कमी पडतात?" आणि गुरुवारी म्हणतात, "बघा, चौतीस वर्षं घालवली त्या देग्रांजनं. सुधारणेला विरोध म्हणजे हेच."

पुण्याचा आतेभाऊ या प्रकरणातला बाहेरचा तज्ज्ञ. तो रविवारी सिंहगड चढतो आणि सोमवारी झाशीला फोन करतो. त्याच्या मते १०५ च्या खाली सायकल नसतेच, असतं ते वाहन. त्यानेच भाऊंच्या डोक्यात ब्रेव्हेचं, म्हणजे ठरल्या वेळात लांबचं अंतर कापायचं, खूळ घातलं. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, तीनशे वीस तासांत, सहाशे चाळीस तासांत. भाऊंनी वेळांचं कोष्टक करून फाईलला लावलं. नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी २०१५ साली 'रॅम' पूर्ण केली, अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर, दोघांच्या संघात. हे कुणीतरी सांगितलं तेव्हा आम्ही सगळे थक्क झालो. भाऊंनी तेवढंच विचारलं, "कॅसेट किती दातांची होती?"

गेल्या पावसाळ्यात घात झाला. आमच्यातला इंजिनिअरिंगचा मुलगा सहज बोलून गेला, "काका, अकरांची ११-३४ कॅसेट मिळते, ती जुन्या हबवरही बसते. चाक बदलायला नको." मोठं चक्र चौतीस दातांचं असलं की ते आतल्या बाजूला स्पोकांवरून थोडं पुढे झुकवता येतं आणि तेवढ्यात ते १.८५ मिलिमीटर निघतात. आम्ही टाळ्या वाजवल्या. भाऊंचा चेहरा पडला. फाईलमधला सगळ्यात भक्कम आक्षेप एका विद्यार्थ्याने फुकट निकाली काढला होता. त्या दिवशी ते ओरछ्याला आले नाहीत, अर्ध्या वाटेवरून "जरा काम आहे" म्हणून परतले. दुसऱ्या दिवशी मात्र स्वारी फुललेली. चौतीस दातांना मागचा डिरेलर लांब दांडीचा लागतो, आणि तिन्ही कोटेशनं आखूड दांडीच्या डिरेलरची होती! म्हणजे तिन्ही बाद. म्हणजे नव्याने मागवणं आलं. त्या दिवशी जिलेबी भाऊंकडून.

त्यांना खरा हादरा दिला तो वहिनींनी. झाशीत राहून "देणार नाही" म्हणायला कुणाला फार सराव लागत नाही, आणि भाऊंचा सगळा डोलारा वहिनी कधीतरी तसं म्हणतील या भरवशावर उभा होता. वहिनींनी इतकी वर्षं काहीच म्हटलं नाही. मग दिवाळीची सफाई काढली तेव्हा फाईल हातात घेऊन म्हणाल्या, "अहो, एफडी सुटलीय. ते काय अकरा का बारा आहे ते घेऊन टाका एकदाचं. आणि हा कप्पा मोकळा करा, मला लोणच्याच्या बरण्या ठेवायच्यात."

मंजुरी आली. निधी आला. भाऊंना रात्रभर झोप नाही.

सकाळी गेटपाशी आले ते सायकल हातात धरून. पेडलवर जोर दिला की चेन खटकन उडत होती. अलीकडे ती रोजच उडायची आणि तो भाऊंच्या लेखी क्लॅरिसविरुद्धचा पुरावा होता. गेटजवळ सायकल दुरुस्तीवाला बसतो. त्याच्याकडे येणाऱ्या बहुतेक सायकलींना गिअर एकच असतो. भाऊ त्याच्याकडे फक्त हवा भरायला थांबत. त्या दिवशी त्याने पंप ठेवला आणि पेटीतून स्टीलची पट्टी काढली.

"कक्का, गेर बाद में बदलियो. पैलें चेन तो देख लो."

चेनीच्या एका पिनेच्या मधोमध त्याने पट्टीचा शून्य धरला. चेनीची प्रत्येक कडी अर्ध्या इंचाची, तेव्हा चोवीस कड्या पुढे, बारा इंचांच्या रेघेवर, बरोबर एक पिन यायला हवी. भाऊ चष्मा कपाळावर सरकवून वाकले. आम्हीही वाकलो. पिन रेघेवर नव्हती, रेघ ओलांडून गेली होती.

"आधा सूत बढ़े तो चेन बदलो," तो म्हणाला. "जे तो पूरो सूत है." एक सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. चेन ताणून लांबत नाही, पिना आणि त्यांच्याभोवतीचं लोखंड आतून झिजतं, प्रत्येक सांध्यात केसभर फट पडते आणि तेवढ्या फटींची बेरीज पट्टीवर दिसते. अशी वाढलेली चेन मग चक्राच्या दातांना खात सुटते. त्याने काळपट बोट मागच्या कॅसेटवर ठेवलं. चौथ्या आणि पाचव्या चक्राचे दात एका अंगाला झुकून टोकदार झाले होते. बाकीची सहा चक्रं दुकानातून आणल्यासारखी.

भाऊ बराच वेळ काही बोलले नाहीत. हिशेबाच्या माणसाला झीज समजावून सांगावी लागत नाही. चेन अर्धा सूत वाढली होती तेव्हा एका चेनीच्या पैशांत भागलं असतं. फाईल फिरत राहिली तशी चेन पूर्ण सुतावर गेली आणि जाताना कॅसेटही घेऊन गेली. अकरांचा निर्णय होईपर्यंत आठांनी वाट पाहिली नव्हती.

दिल्लीहून आठांचीच चेन आणि आठांचीच कॅसेट मागवली. कोटेशन एकच, तेही फोनवर. दुरुस्तीवाल्याने दोन्ही बसवलं, केबल ताणली, पेडल हाताने फिरवून आठही गिअर एकामागून एक टाकून दाखवले. कुठे खट नाही, खर्र नाही. भाऊंनी तिगैल्यापर्यंत मुद्दाम सगळे गिअर वापरले, ज्यांचा उपयोग नव्हता तेसुद्धा. उरलेली एफडी वहिनींनी पुन्हा ठेवली.

एवढ्यावर माणूस सुधारला असता तर ते भाऊ कसले? त्यांनी स्वतःची स्टीलची पट्टी विकत घेतली. आता सकाळी सहाला ते ओळीने आमच्या सगळ्यांच्या चेनी मोजतात आणि वहीत सुताचे आकडे मांडतात. बँकेतल्या मद्राशाची चेन पाव सूत निघाली, त्याला समज देण्यात आली आहे. फाईल जागेवरून हलली, पण मोडीत निघाली नाही. ती आता बरण्यांच्या मागे उभी आहे. तिच्यावरची शेवटची टिप्पणी मी स्वतः वाचली आहे, खाली तारीख आणि सही आहे: 'तूर्त आठच. अकरांचा प्रस्ताव चेन अर्धा सूत वाढल्यावर फेरसादर करावा.'