दोन पेडल आणि एक पट्टी

खंडेनवमीला ट्रॅक्टरचा थाट बघण्यासारखा असतो. सकाळीच मोटारीचा पाईप धरून त्याला न्हाऊ घालतात, बॉनेटवर हळदी-कुंकवाची बोटं ओढतात, जाळीला झेंडूचा हार, पुढच्या चाकाखाली लिंबू. स्टेअरिंगलाही एखादं फूल मिळून जातं. पण खाली वाकून ब्रेकच्या पेडलला कुंकू लावणारा भक्त अजून माझ्या तरी पाहण्यात नाही. पेडल तिथेच, चिखलानं माखलेलं, वरचं रबर झिजून तुळतुळीत झालेलं. चालवणाऱ्या गोष्टींची आपण पूजा करतो. थांबवणारी गोष्ट देवावर सोडतो.

जुना ट्रॅक्टर म्हणजे घरातला थोरला माणूस. इंटरनॅशनलच्या वाणाचा बी-२७५, १९७१ पासून निघू लागलेला एचएमटी, १९७४ मध्ये आलेला स्वराज ७२४, या पिढीची यंत्रं सहजासहजी मरत नाहीत. इंजिन उघडा, रिंग-पिस्टन टाका, पुन्हा धडधडायला लागतात. त्या काळचं स्टेअरिंग मात्र सगळं माणसाच्या दंडावर चालायचं. दिवसभर नांगरट केलेला ड्रायव्हर रात्री भाकरी मोडताना मनगट चोळत बसायचा. जाणती माणसं नवशिक्याला पहिला धडा द्यायची तो अंगठ्याचा: अंगठे स्टेअरिंगच्या कड्याच्या आत घालायचे नाहीत, बाहेरच ठेवायचे. पुढचं चाक दगडावर आपटलं की कडं गर्रकन उलटं फिरतं आणि आतला अंगठा आऱ्यात सापडला की मोडतोच. इतका व्यवहारी धडा शाळेत क्वचित मिळतो.

अशा स्टेअरिंगला पुढे खेळ पडतो. बॉल जॉइंट झिजतात, गियरबॉक्सच्या आतली मंडळी सैल होतात, आणि कडं चांगलं वीतभर फिरलं तरी पुढच्या चाकांपर्यंत निरोप पोचलेला नसतो. मालकाला विचारा, तो म्हणणार, “थोडा खेळ आहे, पण आपल्या हाताला सवय झालीय.” सवय त्याच्या हाताला झालेली असते, समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या हाताला नाही.

आता ब्रेककडे येऊ. ट्रॅक्टरला उजव्या पायापाशी ब्रेकची दोन पेडलं असतात, एक डाव्या मोठ्या चाकाचं, दुसरं उजव्याचं. पुढच्या चाकांना बहुतेक ठिकाणी ब्रेक नसतोच. बांधाशी वळताना एकाच बाजूचं पेडल दाबलं की ते चाक जागीच अडतं आणि ट्रॅक्टर त्याच्याभोवती फिरतो. बैलजोडीचा एका बाजूचा कासरा ओढावा, तसंच. ओल्या रानातून उसाच्या ट्रॉल्या बाहेर ओढताना पुढची चाकं हवेत उचलली जातात, तेव्हा स्टेअरिंग नुसतं शोभेचं उरतं. अशा वेळी पट्टीचा ड्रायव्हर एकेक ब्रेक दाबून दिशा धरतो. बघणारे शिट्ट्या मारतात. मला ते बघताना कौतुकही वाटतं आणि पोटात गोळाही येतो.

पण शेतातली ही विद्या डांबरी सडकेवर आली की घातकी ठरते. ताशी पंचवीस-तीसच्या वेगात एकच पेडल दाबलं गेलं, की ट्रॅक्टर त्या बाजूला झपकन वळतो आणि कलंडतो. म्हणून दोन्ही पेडलांना जोडणारी एक लहानशी लोखंडी पट्टी दिलेली असते. रानातून बाहेर पडताना ती खटकन अडकवायची, की दोन्ही पेडलं एक होतात. जुन्या ट्रॅक्टरवर ही पट्टी बहुधा तारेनं बांधलेली असते, नाहीतर गेलेली असते. बरं, पट्टी असूनही भागत नाही. एका बाजूचा लायनर झिजला, किंवा एक्सलच्या सीलमधून तेल गळून एका बाजूचा कोरडा ब्रेक बुळबुळीत झाला, तर जोडलेली पेडलंसुद्धा गाडी एकीकडेच ओढतात.

हल्ली जुन्या ट्रॅक्टरला गॅरेजात पॉवर स्टेअरिंग बसवून घेतात. पास्कल नावाच्या फ्रेंच माणसानं सतराव्या शतकात सांगून ठेवलं, की कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणी दाब दिला तर तो सगळीकडे सारखा पोचतो. त्या एका वाक्यावर आज आमचा ड्रायव्हर एका बोटानं स्टेअरिंग फिरवतो. सुख आहे, नाही कशाला म्हणू? मनगटं वाचली. पण तेलाला दाब देणारा पंप इंजिनवर चालतो, हे उतारावर विसरायला होतं. डिझेल वाचवायला काही महाभाग घाटात इंजिन बंद करून ट्रॅक्टर सोडून देतात. पंप थांबतो, एका बोटाचं स्टेअरिंग दोन्ही हातांना आवरत नाही, आणि मागच्या दोन ट्रॉल्यांतला पंधरा-वीस टन ऊस दोन-अडीच टनांच्या ट्रॅक्टरला पाठीमागून ढकलू लागतो. ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक बहुधा नसतोच. जुनी माणसं ज्या गियरात चढ चढली त्याच गियरात उतरायची, ती काही वेडी नव्हती.

या स्टेअरिंगच्या तेलाचा पाईप पाझरतोय का हे बोटानं चाचपायची खोडही सोडलेली बरी. दाबाखालचं तेल सुईच्या टोकाएवढ्या भोकातून कातडीत शिरतं. वरून नुसता ठिपका दिसतो, आत मात्र हात जाण्यापर्यंत वेळ येते. एखादा पुठ्ठा पुढे धरला तरी गळती कळते.

हँडब्रेकचं मात्र गावानं सोपं उत्तर काढलंय: दगड. ट्रॅक्टर उभा केला की चाकाखाली घालायचा. चांगला पारखून निवडलेला तो दगड कुणी टाकून देत नाही. मडगार्डावर बसून गावोगाव हिंडतो, लग्नाच्या वरातीतही जातो. त्याच मडगार्डावर पोरंही बसतात, तेवढं बंद करा. दगड बसू द्या.

सीटमागे गाण्याचा डबा असतो, दोन भोंगे, रंगीत दिवे, वर “आईची कृपा”. हौसेला माझी ना नाही. फक्त यंदा उसाची पहिली खेप भरण्याआधी मिस्त्रीला एवढं सांगा: दोन्ही पेडलांचा खेळ सारखा कर, स्टेअरिंगचं तेल बघ, आणि ती पट्टी नवी टाक. एका भोंग्यापेक्षा ती स्वस्त पडते.