नाकाची सेवाज्येष्ठता

प्रयोगशाळेत सगळ्यात प्रामाणिक कोण, असं कुणी विचारलं तर मी तराजूचं नाव घेणार नाही. तराजूला मुलांनी कधीच फितवलेलं असतं. ब्युरेटवरही माझा भरवसा नाही; तिचं रीडिंग बऱ्याचदा शेजारच्याच्या जर्नलमधून येतं. प्रामाणिक असतो तो अमोनिया. बूच नुसतं सैल झालं तरी तो आल्याची वर्दी सगळ्या वर्गाला मिळते. कार्बन मोनॉक्साइड ना रंग दाखवतो, ना वास. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेला माणूस झोपेतच जातो. अमोनिया असा दगा देत नाही. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे पाचेक भाग झाले की बहुतेकांच्या नाकाला पत्ता लागतो. कारखान्यांच्या कायद्यानं आठ तासांच्या पाळीला घातलेली मर्यादा आहे २५ भागांची. म्हणजे कायदा जागा होण्याच्या बऱ्याच आधी नाक आपली हरकत नोंदवून मोकळं होतं.

तशी त्याची आणि आपली ओळख शाळा-कॉलेजच्या आधीची. एसटी स्टँडवर मुतारी शोधायला पाटी वाचावी लागत नाही, ती याच्याच कृपेनं. लघवीतल्या युरियाचा अमोनिया करून ठेवण्याचं काम तिथले जीवाणू बिनपगारी करतात. कल्हईवाला दारात भट्टी लावून बसायचा तेव्हाही तो भेटायचाच. पातेलं लालसर तापलं की कल्हईवाला आत नवसागराची चिमूट टाकी. भस्सकन पांढरा धूर उठे, डोळ्यांना पाणी येई, आणि कथलाचा तुकडा टेकवून कापसाचा बोळा फिरवला की काळं पातेलं आतून लखलखीत होई. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराईड. तापलं की त्यातले अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराईड वेगळे होतात, आणि वर थंड हवेत गाठ पडली की पुन्हा एक होऊन पांढरा धूर दिसतो. बारावीच्या प्रॅक्टिकलला मुलं हेच करतात. हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवलेली काचकांडी परीक्षानळीच्या तोंडाशी धरायची, पांढरा धूर आला की ‘अमोनियम आहे’ असं लिहायचं. फरक इतकाच की कल्हईवाल्याला जर्नल पूर्ण करावं लागत नसे.

कॉलेजात तो येतो पाण्यात विरघळून, २५ टक्क्यांचा होऊन. बाटलीवर लाल चौकटींत चित्रं असतात. एकात थेंब पडून हात आणि धातू झिजतोय, एकात नुसतंच उद्गारचिन्ह, आणि एकात निष्पर्ण झाडाशेजारी मेलेला मासा. धोक्याची भाषा जगभर एकच असावी म्हणून संयुक्त राष्ट्रांनी ही पद्धत घातली. तिची पहिली आवृत्ती २००३ सालची. पहिल्या चित्राचा अर्थ मुलं बरोबर लावतात. उद्गारचिन्ह म्हणजे श्वासनलिकेला जळजळ, हे सांगावं लागतं. मासा बघितल्यावर मात्र एखादा हमखास विचारतो, ‘‘सर, हे माशांना घालायचं असते का?’’ घालायचं नसतं, म्हणूनच तो मेलाय, आणि म्हणूनच उरलंसुरलं तसंच बेसिनमध्ये ओतायचं नाही, एवढं सांगून मी पुढे सरकतो.

या बाटलीचे मानपान जावयापेक्षा कमी नाहीत. तिची जागा थंड आणि हवेशीर हवी. आम्लांच्या पंगतीत तिला बसवायचं नाही. हायड्रोक्लोरिक आम्ल शेजारी ठेवलं तर दोन्ही बुचं घट्ट असूनसुद्धा काही दिवसांत आसपासच्या काचांवर पांढरी भुकटी धरते, आणि ‘कपाट पुसलं नाही का?’ यावरून विभागात वाद होतो. ब्लीचच्या द्रावणाशी तर तिची गाठच पडू द्यायची नाही. दोघांतून क्लोरामाइन नावाचे वायू निघतात आणि ते फुप्फुसाला अमोनियापेक्षा वाईट. हा धोका प्रयोगशाळेपेक्षा घरात जास्त, कारण फरशी दोन प्रकारच्या औषधांनी पुसली की दुप्पट स्वच्छ होते, असा आपल्याकडे समज आहे.

पण खरा मान उन्हाळ्यात. आम्ही विदर्भातली माणसं. एक लिटर पाणी शून्य अंशाला जवळजवळ १२०० लिटर अमोनिया वायू पोटात घेतं. २० अंशांना हाच आकडा ७०० वर येतो, आणि पुढे उतरतच जातो. २५ टक्क्यांचं द्रावण ३८ अंशांच्या आसपास उकळायला लागतं. मे महिन्यात आमच्याकडे पारा ३८ वर आला की लोक ‘आज जरा गारवा आहे’ म्हणतात. अशा दिवसांत वरच्या मजल्यावरच्या स्टोअररूममध्ये सीलबंद बाटलीच्या आत काय दाटलेलं असेल, याची कल्पना करावी.

म्हणून आमचे परिचर भाऊ नवी बाटली कशी उघडतात ते बघण्यासारखं असतं. सकाळीच बाटली बर्फाच्या पाण्यात उभी करून ठेवतात. तासाभरानं अंगठ्यानं तिची थंडाई तपासतात. मग ॲप्रन, हातमोजे, डोळ्यांना बाजूनंही बंद असलेला गॉगल. फ्यूम हूडचा पंखा लावून कागदाची चिटोरी आत धरतात. ती आत ओढली गेली तरच पंख्यावर विश्वास. काच छातीपर्यंत खाली ओढून हात आत. झाकणावर ओला फडका. चेहरा जरा वळवलेला. पहिल्यांदा पाव आटा फिरवतात आणि थांबतात. फडक्याखालून बारीक ‘फुस्स’ येतं. ते पूर्ण संपेपर्यंत भाऊ काहीही करत नाहीत. ‘‘त्याला बोलू द्या आधी,’’ म्हणतात. मग पुढचा पाव आटा.

मुलांना हा सोहळा लांबलचक वाटतो. त्यांची पद्धत वेगळी. ‘वास घेऊन ओळखा’ असं लिहिलेलं दिसलं की परीक्षानळीच नाकात घालायची. वास घ्यायचा तो नळी वीतभर दूर धरून, हातानं वारा आपल्याकडे ओढत, हे दर वर्षी करून दाखवावं लागतं. अमोनियाचा झटका एकदा बसला की मात्र पुन्हा सांगावं लागत नाही. पूर्वी विलायतेत घेरी आलेल्या माणसाच्या नाकाशी धरायची कुपी असायची, तिच्यातही अमोनियाचंच काम असे. आपण तिथे कांदा फोडतो.

डोळ्यांच्या बाबतीत मात्र विनोद आवरता घ्यावा लागतो. आम्ल डोळ्यात गेलं तर तिथली प्रथिनं साकळून पुढची वाट थोडी अडते. अमोनिया अल्कलीच्या गोत्रातला. तो मेदाचा साबण करत आत शिरतो आणि फार वेगानं शिरतो. उपाय एकच. धावत नळाशी जायचं, पापण्या बोटांनी उघड्या धरून निदान १५ मिनिटं वाहतं पाणी सोडायचं आणि मग थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे. इतका साधा उपाय हुशार मुलांना पटत नाही. ‘‘सर, अल्कली आहे तर वरून थोडं व्हिनेगर टाकलं तर?’’ समीकरण बरोबर येतं, मार्कही मिळतील. डोळा मात्र जाईल.

एवढं असूनही मला जुलैतल्या बॅचची काळजी वाटत नाही. तेव्हा ॲप्रनची वरची गुंडीसुद्धा लावलेली असते आणि ड्रॉपर दोन बोटांत, देवघरातली पळी धरावी अशा भक्तीनं धरलेला असतो. दिवाळीनंतर गॉगल कपाळावर चढतो. डिसेंबरात ‘थोडंच तर हवंय’ म्हणून बाटली हूडबाहेर येते. जानेवारीत एकजण खिडकी लावून घेतो, कारण थंडी वाजते. तोवर कुणालाच काही झालेलं नसतं, आणि काही झालं नाही हाच पुढे पुरावा म्हणून वापरला जातो. धोका बाटलीत जुलैइतकाच असतो. आटलेली असते ती धास्ती.

नाकाचंही तेच होतं. अमोनियाच्या वासात काही वेळ राहिलं की नाक तक्रार करायचं सोडून देतं. पाच भागांना ओरडणारं हे इंद्रिय थोड्या वेळानं त्याहून जास्त भागांतही गप्प बसतं, आणि आपण समजतो की वास गेला. वास कुठेही गेलेला नसतो. दहा लाखांत ३०० भाग झाले की जिवाला तात्काळ धोका धरतात. तिथवरचा रस्ता आपल्यासाठी अमोनियानं खुणा लावून ठेवलेला असतो, पण सरावलेला माणूस त्या वाचत नाही. शिकाऊ मुलगा डोळे चोळत बाहेर पळतो आणि अनुभवी मास्तर ‘एवढंसं काय ते’ म्हणत आत उभा राहतो. दोघांपैकी शहाणा कोण, ते पगारपत्रकावरून ठरवू नये.

म्हणून मी नाकाची सेवाज्येष्ठता उलटी धरतो. प्रॅक्टिकल सुरू असताना अधूनमधून दारात जातो, बाहेरून नुकत्याच आलेल्या एखाद्या मुलाला आत बोलावतो आणि विचारतो, ‘‘काय रे, वास येतोय?’’ तो ‘‘हो सर, लय येऊन राहिला’’ म्हणाला की खिडक्या सताड उघडायच्या, पंखे लावायचे, बाटल्यांची बुचं तपासायची. त्याच्याशी वाद घालायचा नाही. परवा एकानं मलाच विचारलं, ‘‘सर, तुम्हाला नाही येत?’’

म्हटलं, ‘‘बाळा, मी नोकरीत कायम झालोय. तुझं नाक अजून प्रोबेशनवर आहे, ते काम करतं.’’