गलशास्त्री

प्रत्येक आळीत एक तात्या असतात. गेल्या चाळीस वर्षांत त्यांनी गोटीला बोट लावलेलं नसतं, पण पोरांचा डाव त्यांच्या निकालावाचून पुढे सरकत नाही. आमचे तात्या त्र्यंबकचे, तेव्हा वर पौरोहित्याची भर. घरात यजमानांच्या नामावळीच्या वह्या. कुठला कोण, कोणाचा नातू, कधी येऊन गेला, सगळं लिहिलेलं. असल्या घरात वाढलेल्या माणसाला कुठलीच गोष्ट नुसती घडून चालत नाही. तिला नाव लागतं, कूळ लागतं.

"तात्या, गोटी खड्ड्यात गेली!" असं कोणी ओरडलं की ओसरीवरून आवाज यायचा, "खड्डे रस्त्यात असतात. खेळात गल म्हणायचं." विटी उडवायची नाही, कोलायची. हरलेल्याला दमवायचं नाही, पिदवायचं. लहान भावंडाला 'लिंबूटिंबू' म्हटल्यावर ते रडू लागलं, तर तात्या त्याची समजूत काढायचे, "अरे, तो अपमान नाही, मानाचं पद आहे. खेळायचं सगळं, जबाबदारी कशाची नाही. आमच्याकडे मोठमोठी माणसं यासाठी धडपडतात."

एका कलमावर मात्र ते कधी नमले नाहीत. हातातून सुटल्यावर टाइमप्लीज नाही. "सोडलेलं उदक परत पळीत येतं का?" एवढंच म्हणायचे. पोरं निमूट राज्य घ्यायची.

तात्यांच्या आयुष्यातला परमोच्च क्षण एका तेलुगू यजमानाने आणला. विधी आटोपून ते गृहस्थ ओसरीवर टेकले होते. अंगणात पोरं विटी-दांडूने मोजत होती, "वकट, लेंड, मूंड, नाल..." यजमान दचकले. म्हणाले, ही तर आमची भाषा! ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. एक, दोन, तीन, चार. तात्या तीन दिवस कोणाशी धड बोलले नाहीत. चौथ्या दिवशी आळीला व्याख्यान झालं. गोदावरी ब्रह्मगिरीवर प्रकट होते, गुप्त होते, गंगाद्वारी दिसते, मग कुशावर्तात येते आणि पुढे तेलुगू मुलखातून समुद्राला मिळते. "पाणी इकडून तिकडे गेलं," तात्या म्हणाले, "आणि आकडे तिकडून इकडे आले. हिशेब चुकता!" आमच्या आळीत पाचवा 'आर', आणि तेलुगूत 'आरु' म्हणजे सहा, ही भानगड कोणीतरी काढली. तात्यांनी शांतपणे निकाल दिला, "एवढ्या लांबच्या प्रवासात एखादा आकडा हरवायचाच."

पुढे विटी-दांडू गेला, गोट्या गेल्या, पोरं फोनमध्ये गेली आणि तात्यांचं न्यायपीठ ओस पडलं. अशात एका नाताळच्या सुट्टीत ओहायोतला पुतण्या मुलाला घेऊन आला. सामानात आठ रिकाम्या कापडी पिशव्या. सुताराकडून त्याने ४ फूट लांब, २ फूट रुंद अशा दोन फळ्या करून घेतल्या. मागची बाजू फूटभर उचललेली, वरच्या अंगाला ६ इंचांचं गोल भोक. खेळाचं नाव कॉर्नहोल.

"म्हणजे मक्याचं भोक?" तात्यांनी विचारलं. पुतण्याने मान हलवली. तात्यांनी कपाळाला हात लावला, पण त्या कपाळाखालचे डोळे चमकलेले मी पाहिले.

पिशव्यांत पूर्वी मका भरायचे, आता प्लॅस्टिकचे दाणे. आमच्याकडे नागली भरायचं ठरलं. काकूंनी डबाच लपवला. "अन्न फेकायचं? तेही पायदळी?" शेवटी किडलेल्या नागलीवर तडजोड झाली. दोन फळ्यांमध्ये २७ फूट अंतर हवं. वाड्याच्या चौकात ते बसेना, म्हणून एक फळी तुळशीमागे गेली आणि दुसरी थेट दिंडी दरवाजात. आल्यागेल्याला ती ओलांडून यावं लागे.

नियम सोपे. आलटून पालटून चार-चार पिशव्या टाकायच्या. भोकात गेली तर ३ गुण, फळीवर राहिली तर १. दोघांच्या गुणांची वजाबाकी करायची आणि उरेल ते वरचढाच्या खात्यात टाकायचं. आधी २१ होतील तो जिंकला. वजाबाकी ऐकून तात्या म्हणाले, "खेळ कसला, भावकीची वाटणी आहे ही." मग नातवाने एकेका फेकीचं नाव सांगायला सुरुवात केली आणि तात्या मांडी ठोकून बसले.

फळीला न शिवता थेट भोकात गेलेली ती एअरमेल. "सोवळ्यातली," तात्या म्हणाले. "कुठे शिवली नाही, एकदम गाभाऱ्यात." फळीवरून घसरत आत जाणारी स्लायडर ही 'दर्शनरांगेतली'. नुसती फळीवर थांबलेली वुडी झाली 'सभामंडपातली'. भोकासमोर वाट अडवून बसणारी ब्लॉकर? तात्यांना क्षणभरही विचार करावा लागला नाही. "नंदी!" भोकाच्या कडेवर लोंबकळणारी हँगर म्हणजे पौषात कुशावर्ताच्या पायरीवर उभा राहिलेला यजमान, उतरवत नाही, परतवत नाही. चारही पिशव्या आत गेल्या की तिकडे फोर बॅगर, इकडे 'चारीधाम'. जमिनीला लागून मग फळीवर उसळलेली धरत नाहीत, हे ऐकून तर तात्यांना ओहायोबद्दल आदरच वाटू लागला. "आडवाटेने आलेल्याला दर्शन नाही. शास्त्र कळतं त्यांना."

अडलं ते फळीपर्यंत न पोचणाऱ्या लुळ्या फेकीपाशी. तिला म्हणे 'सॅली' म्हणतात.

"सॅली कोण?"

"मुलीचं नाव आहे, आजोबा."

"लेकीबाळीचं नाव असल्या फेकीला? आमच्या वाड्यात चालायचं नाही. लिंबूटिंबू म्हणा."

आठवडाभरात आळीतली पोरं फोन ठेवून वाड्यात जमू लागली. कोणी 'सोवळ्यातली' टाकली की आरोळी दरवाजाबाहेर ऐकू जाई आणि रस्त्यावरचे भाविक आत डोकावून विचारत, इथे कसली पूजा चालली आहे?

जायच्या आदल्या संध्याकाळी नातवाने हट्ट धरला, आजोबा, एक तरी टाका. तात्यांनी खूप आढेवेढे घेतले. मग उपरणं कमरेला बांधलं, पिशवी तळहातावर तोलली, वाऱ्याचा अंदाज घेतला, पाय पुढे-मागे केले, पुन्हा पुढे केले. चौक चिडीचूप झाला. काकूसुद्धा स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

पिशवी सुटली, आणि फळीच्या बरीच अलीकडे, तुळशीच्या कट्ट्यापाशी, थकल्यासारखी बसली.

कोणी हसलं नाही. इतक्या वर्षांच्या निकालांचा धाक होता. ओहायोच्या पोराला मात्र तो नव्हता. त्याने अगदी स्वच्छ मराठीत पुकारा केला, "लिंबूटिंबू!"

तात्यांनी पिशवीकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं, काकूंकडे बघायचं टाळलं. मग झटकन मूठ वळून ओठांना लावली आणि म्हणाले,

"टाइमप्लीज."