भिगवणकाका

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये वसंताचे पाहुणे ठरलेल्या क्रमाने येतात. मार्चमध्ये डोंगरउतारावर व्हीटइअर, मग तळ्यांवर भिंगऱ्या, एप्रिल सरता सरता कुक्कू. आणि याच सुमारास, सहा महिन्यांच्या व्हिसावर, मँचेस्टर विमानतळावर उतरतात भिगवणकाका.

हे काका एकटेदुकटे नाहीत. जिथे मराठी मुलगा घर घेतो, तिथे एक तरी भिगवणकाका वस्तीला येतोच. ओळखण्याच्या खुणा सोप्या: डोक्यावर माकडटोपी, पायात मुलाचे जुने स्पोर्ट्स शूज, गळ्यात निवृत्तीच्या दिवशी ऑफिसने दिलेली दुर्बीण. आवाजावरून तर लांबूनही ओळखता येतात. तो ‘आमच्या भिगवणला...’ असा सुरू होतो आणि संपत नाही. भिगवण म्हणजे उजनी धरणाकाठचं, हिवाळी पाहुण्या पक्ष्यांचं गाव.

आमचे काका शेजारच्या घरात उतरतात. मुलाला शनिवारीही ‘कॉल’ असतो, त्यामुळे त्यांना डोंगरात न्यायचं काम माझ्याकडे आलं आहे. रात्री जागून वाचलेली माहिती ते मला वाटेत ऐकवतात, जणू मी इथली बारा वर्षं झोपून काढली.

“लेक डिस्ट्रिक्टमध्ये लेक किती?”

“बरेच असतील, काका.”

“एक! नावात ‘लेक’ आहे ते फक्त बॅसनथ्वेट. बाकी सगळी वॉटर नाहीतर मिअर. आणि तुझ्या नळाला येतं ते हॉजवॉटरचं. मँचेस्टरला पाणी पाजायला 1930च्या दशकात मार्डेल गाव बुडवलं. दुष्काळ पडला की त्याच्या भिंती वर येतात. आमचं पळसदेव तसंच. उजनीत गेलं, पाणी आटलं की देऊळ दिसतं. बुडवणारे सगळीकडे सारखेच.”

मागच्या सीटवर काकू धपाट्यांचा डबा सांभाळत बसलेल्या असतात. पक्ष्यांबद्दल त्या सहसा बोलत नाहीत. हॉजवॉटरच्या वरच्या रिगिनडेल दरीत इंग्लंडमधला शेवटचा स्थायिक सोनेरी गरुड होता. 2004 मध्ये त्याची मादी गेली, त्यानंतर अकरा वर्षं तो एकटाच गिरक्या घेत नव्या जोडीदारिणीला बोलावत राहिला आणि 2015 नंतर दिसेनासा झाला, ही गोष्ट काकांनी रंगवून सांगितली, तेव्हा काकूंनी एवढंच विचारलं, “मग जेवायचं कसं करत होता?”

“अगं, गरुड आहे तो!”

“असेना का.”

बॅसनथ्वेटच्या काठावर डॉड वुड नावाचं जंगल आहे. तिथल्या चढावर स्वयंसेवक मोठ्या दुर्बिणी लावून ऑस्प्रे दाखवतात. हा मासे पकडणारा शिकारी पक्षी 2001 साली इथे पुन्हा घरटं करून राहिला, दीडशेहून अधिक वर्षांनी. चढ चढताना काकांना आकाशातला प्रत्येक काळा ठिपका बहिरी ससाणा वाटतो. “तो बघ! त्या झाडाच्या डावीकडे!” समोर हजारभर झाडं, सगळी एकसारखी. ठिपका जवळ आला, ‘काव’ म्हणाला, तरी काका शब्द मागे घेत नाहीत. “ससाणा पलीकडे गेला. हा नंतर आला.”

सालिम अलींचं पुस्तक त्यांच्या पिशवीत असतं. त्यात नसलेला पक्षी इंग्लंडात दिसला, तर चूक पक्ष्याची. ओकच्या फांदीवर काळापांढरा पाइड फ्लायकॅचर बसला होता, नुकताच आफ्रिकेहून आलेला. काकांनी पानं चाळली, चष्मा पुसला आणि निकाल दिला, “दयाळच आहे. थंडीने आक्रसलाय.”

मग मोठ्या दुर्बिणीपाशी नंबर लागतो. काका एकदा डोळा लावला की रेशनच्या रांगेतल्यासारखी जागा सोडत नाहीत. मागे आठ इंग्रज शिस्तीत भिजत उभे. “ह्याला मी ओळखतो!” काका गरजले. “जानेवारीत आमच्या भिगवणला हाच होता! मासा धरून बाभळीवर बसला होता!”

स्वयंसेविका बाई हसून म्हणाल्या, “भारतात ऑस्प्रे जातात खरे, पण आमचे हिवाळ्यात पश्चिम आफ्रिकेत असतात. सेनेगल, गँबिया.” काकांचा चेहरा पडला. मुलीचं स्थळ परस्पर दुसरीकडे ठरल्यासारखा.

धपाटी खाताना त्यांनी स्वतःला सावरलं आणि उरलेली माहिती काकूंना दिली. पिल्लं उडायला लागली की आधी आई निघून जाते. बाप मागे राहून मासे भरवतो, मग तोही जातो.

“आणि पिल्लं?”

“आपली आपण जातात. हजारो मैल. वाट दाखवायला कुणी नसतं.”

“परत येतात?”

“जगली वाचली ती येतात. दोनेक वर्षं तिकडेच काढतात, मग जन्मगावाकडे वळतात.”

काकूंनी डब्याचं झाकण लावलं. “आपल्या पिल्लाला बारा झाली.”

काकांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. समोर नुसतं धुकं होतं, तरी बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “त्यांना तिकडे पीआर मिळत नाही ना.”