वसूलकाका

"वसूल होईल का?" हा प्रश्न काकांनी दातांच्या डॉक्टरलाही विचारला होता. कॅप पंधरा वर्षं टिकेल असं त्याने म्हणताच तोंडातल्या कापसासकट काकांनी महिन्याला किती पडते ते काढलं आणि त्याहून स्वस्तातली बसवून घेतली. लग्नाच्या जेवणात आहेराचं पाकीट आणि गुलाबजाम यांचा हिशोब जुळेपर्यंत ते हात धूत नाहीत. सोसायटीत त्यांना वसूलकाका म्हणतात. तुमच्याकडेही असेलच एक.

हायब्रिड गाडी ही अशा माणसासाठीच जन्माला आली आहे. आधी जास्त पैसे मोजा आणि मग आयुष्यभर थेंबाथेंबाने ते परत मिळवा! 2022 साली ग्रँड विटारा आणि हायरायडर आल्या आणि लिटरला 27.97 किलोमीटर हा कंपनीचा आकडा काकांना दशांशासकट पाठ झाला. दोन्ही गाड्या आतून सारख्याच, त्या वेळी बनतही होत्या बिडदीच्या टोयोटा कारखान्यात. तरी काकांनी दोन्हीकडे टेस्ट ड्राइव्ह घेतली. चहा दोनदा वसूल.

"फॅमिली कार आहे, फॅमिलीचं वजन टाकूनच बघायची," हा त्यांचा नियम. फॅमिली म्हणजे पुढे काकू, मागे दुसऱ्या मजल्यावरचे बँकवाले आणि त्यांच्या व शोरूमच्या मुलाच्या मधे मी. मधल्या सीटवर बसलेल्या माणसाला गाडीविषयी काहीही मत नसतं, फक्त कंबर असते. शोरूमचा मुलगा म्हणे, "सर, आपण इथूनच एक राउंड मारून येऊ." काकांनी गाडी सरळ कात्रजच्या जुन्या घाटाला लावली.

चढावर इंजिन ओरडायला लागलं. मुलगा अवघडून म्हणाला, "ई-सीव्हीटी आहे ना सर, थोडा आवाज येतो." काकांचं लक्षच नव्हतं, ते उताराची वाट बघत होते. उतार लागला, त्यांनी ब्रेकवर पाय ठेवला आणि पडद्यावरचे बाण उलटे फिरून बॅटरीकडे निघाले. "बघ, बघ! घाट उतरताना गाडी कमावतेय!" पुढे सिग्नलला इंजिन बंद पडलं. बँकवाले दचकले आणि त्यांनी विचारलं, "हिला चार्जिंग कुठे लावायचं?" त्यावर काकांनी हिरवा दिवा लागून मागचे हॉर्न वाजेपर्यंत व्याख्यान दिलं. प्लग नाही, पेट्रोलचं इंजिन आणि ब्रेकची वीज यांवरच बॅटरी भरते. फायदा गर्दीत जास्त, हायवेला कमी. म्हणजे पुण्याच्या ट्रॅफिकमधून पैसे मिळवण्याचा हा एकमेव कायदेशीर मार्ग.

शोरूमला परतल्यावर ब्रोशरच्या पाठीवर हिशोब सुरू झाला. साध्या पेट्रोल गाडीशी फरक अडीच लाख धरू. वर्षाला सहा हजार किलोमीटर. ती लिटरला चौदा देईल, ही बावीस. (27.97 पाठ असलं तरी हिशोबात काका कंपनीवर विश्वास ठेवत नाहीत.) वाचलं सुमारे दीडशे लिटर पेट्रोल, म्हणजे सोळा हजारांच्या आसपास. भागाकार झाला आणि काका गप्प झाले. वसुलीला पंधरा वर्षं! खासगी गाडीची नोंदणीही पंधराच वर्षांची असते, म्हणजे पैसे वसूल होतील त्याच सुमाराला आरटीओ पुन्हा दारात उभं करणार.

"तेव्हा तुम्ही चौऱ्याऐंशीचे असाल," काकू म्हणाल्या. "आधी स्वतःला वसूल करा."

मुलाने घाईघाईने बॅटरीची आठ वर्षांची वॉरंटी काढली. पण काका तोवर रिक्षातून आणलेल्या दोन भल्यामोठ्या बॅगा उतरवत होते. शोरूमला वाटलं, गिऱ्हाईक परगावचं आहे. काकांनी डिकी उघडली. हायब्रिडची बॅटरी डिकीच्या तळाशी असते, त्यामुळे तिथे जागा कमी. पहिली बॅग आडवी गेली. दुसरी उभी केली, तिरकी केली, चाकं वर करून बघितली. मागची सीट पाडली तर गेली असती, पण काका म्हणाले, "मग ती चौघं कुठे बसणार?"

बॅगेच्या मुठीला विमानाची जुनी पट्टी अजून चिकटलेली होती. नेवार्क ते मुंबई. लेक, सून आणि दोन नाती न्यू जर्सीला, येतात वर्षाआड डिसेंबरात, आणि येतात ते मुंबईहून टॅक्सीने. काकूंसकट ही सहा माणसं पाच सीटच्या गाडीत बसत नाहीत, हे बेरीज-वजाबाकीतल्या या माणसाला कळत नसेल असं मला वाटत नाही. मी काही बोललो नाही. बँकवालेही नाहीत.

आता खरं सांगायलाच हवं. माझ्या गाडीच्या वेळी शोरूमने बिलात लावलेले हँडलिंग चार्जेस काकांनी तासभर ठाण मांडून काढायला लावले, विमा बाहेरून स्वस्तात आणला आणि डिलिव्हरीआधी टॉर्च घेऊन गाडीखाली वाकून बघितलं. त्या सबंध दिवसाचं त्यांनी माझ्याकडून एक कटिंगसुद्धा वसूल केलं नाही.

सध्या त्यांची जुनी हॅचबॅकच चालू आहे, पण तिची नोंदणी संपत आली आहे. तुम्हाला गाडी घ्यायची असेल तर काकांना जरूर घेऊन जा. हिशोब चालू असताना मधे बोलू नका. आणि मागच्या सीटवर मधे बसायची वेळ आली, तर सरळ कंबरदुखी सांगा.